काटा तीनवर

आमच्या सर्जरीच्या वॉर्डात एक प्रश्न दिवसभरात इतक्या वेळा विचारला जातो की मला तो झोपेतही विचारता येईल. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, तर आत्ता किती? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कुणी बारा सांगतं. कुणी म्हणतं, सिस्टर, तुम्हीच टाका ना काहीतरी. एका बाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याला विचारलं होतं, अहो, किती सांगू? आणि त्या गृहस्थांनी अगदी विचार करून पाच सांगितले. त्यामुळे मी आकडा ऐकून घेते आणि मग पेशंटच्या पायांकडे बघते. तोंडावर हसू आणता येतं, पण दुखत असलं की पायाची बोटं आत वळतात आणि ती सरळ ठेवायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

बॉयलरवाले काका तीन सांगायचे. सकाळी तीन, दुपारी तीन, ड्रेसिंग बदलतानाही तीन. आतडं अडकलं म्हणून त्यांना घाईघाईने ऑपरेशनला घेतलं होतं, छातीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत टाके होते, आणि हा माणूस म्हणत होता तीन. कापड रंगवायच्या कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळून ते नुकतेच निवृत्त झाले होते. ऑपरेशननंतर वॉर्डात आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ऑक्सिजनचा दाब किती ठेवलाय हा, आणि तेव्हापासून त्यांचं नाव पडलं ते पडलंच.

माझी साप्ताहिक सुट्टी आटोपून मी सकाळच्या ड्युटीवर आले तेव्हा त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं. फळीसारखे ताठ पडले होते. श्वास गळ्यापर्यंत जाऊन परत येत होता, पोट हलू नये याची काळजी घेत. चादरीखाली दोन्ही पायांची बोटं मुठीसारखी वळलेली. डोळे मात्र वॉर्डभर फिरत होते. त्यांनी मला सांगितलं की समोरच्या पलंगाचं एक चाक लॉक केलेलं नाही, आणि खरंच केलेलं नव्हतं. स्वतःच्या सलाईनचे थेंब ते डोळ्यांनी मोजत होते. मी विचारलं, किती दुखतंय? ते म्हणाले, तीन.

त्यांच्या शेजारी स्टुलावर काकू बसल्या होत्या, शांत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्यांनी पलंगाजवळच्या कपाटातून पाण्याची बाटली काढली, काकांना दोन घोट दिले, बाटली परत ठेवली आणि कपाटाचं दार लावलं. चांगला कट् असा आवाज आला. तरी काकांनी हात लांब केला, त्यासाठी अंग थोडं कुशीवर वळवलं, आणि दार ओढून बघितलं. वळताना त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. हे बघून मी मनात म्हटलं, काका, हा तीन नाही. काकू दुसरीकडे बघत होत्या.

राउंडला डॉक्टर आले आणि त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की फुप्फुसांच्या तळाशी हवाच पोचत नाहीये, कफ साचतोय, कालपासूनचा ताप त्याचाच आहे. खोकून मोकळं व्हायला हवं, उठून चार पावलं टाकायला हवीत. जन्मभर धूर खाल्लेली छाती आहे. आज काही फरक पडला नाही तर उद्या आयसीयूत हलवावं लागेल, आणि एकदा तिकडे गेले की या वयात लवकर परत येतील असं वाटत नाही. एवढं बोलून ते पुढच्या पलंगाकडे गेले. काकूंनी सगळं ऐकलं होतं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोटावर टाके असलेल्या माणसाला खोकायला लावणं हे सोपं काम नाही. त्याला वाटतं, खोकलो की सगळं उसवणार. तसं होत नाही, पण दुखतं जबर. म्हणून आधी दुखणं आवाक्यात आणायचं आणि मग खोकायला सांगायचं. उलट क्रमाने केलं तर पेशंट आपल्याला फसवतो. काका फसवतच होते. मी खोका म्हटलं की ते ऑफिसात साहेबाच्या दारात उभं राहून माणूस घसा साफ करतो तेवढाच आवाज काढायचे आणि माझ्याकडे बघायचे, झालं ना, अशा नजरेने.

डॉक्टरांनी त्यांना पॅरासिटामॉल चालू ठेवलं होतं, आणि दुखणं सातच्या वर गेलं तर मॉर्फिनचं इंजेक्शन द्यायचं असं लिहून ठेवलं होतं. पण काटा तीनवरून हलतच नव्हता. दोन दिवस ज्या ज्या नर्सने विचारलं तिने तीन ऐकलं आणि तीन लिहिलं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. वॉर्ड भरलेला असतो, आणि जो आरडाओरडा करतो त्याच्याकडे पाय आधी वळतात.

मी स्टूल ओढून बसले आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. दुखणं सहन केल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही. दुखणं वाढल्यावर औषध दिलं तर ते उतरायला वेळ लागतो आणि औषधही जास्त लागतं, म्हणून आधीच द्यायचं. ऑपरेशननंतर चार दिवस हे औषध घेतल्याने कुणाला त्याची चटक लागत नाही. पोट थोडं बांधल्यासारखं होतं, क्वचित मळमळतं, त्यावरही आमच्याकडे इलाज आहे. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "झोप येते का त्याने?"

मी म्हणाले, थोडी गुंगी येते, पण त्याने नुकसान काही नाही, उलट विश्रांती मिळते.

"मग नको," ते म्हणाले. "तीनच आहे."

मला राग आला. माझा राग वॉर्डात प्रसिद्ध आहे, तो मी लपवत नाही. मी म्हणाले की काका, तुम्ही मला वेडी समजू नका, तुमच्या पायाची बोटं मला दिसतायत. त्यांनी ताबडतोब बोटं सरळ केली. थोड्या वेळाने बघते तर परत वळलेली. खनपटीला बसून काही उपयोग होणार नाही हे मला कळलं आणि मी उठून गेले. जबरदस्तीने इंजेक्शन टोचता येत नाही. शहाण्या, शुद्धीतल्या माणसाने नाही म्हटलं की नाहीच.

थोड्या वेळाने पॅसेजमध्ये पाण्याच्या फिल्टरपाशी काकू भेटल्या. बाटली भरून वाहायला लागली होती आणि त्यांचं लक्ष नव्हतं. मी नळ बंद केला. त्या म्हणाल्या, "सिस्टर, ह्यांना तिकडे नेणार का हो, त्या मशीनच्या खोलीत?"

मी म्हणाले की ते काकांच्याच हातात आहे, आणि ते तर ताकास तूर लागू देत नाहीत. झोप येईल म्हणून औषध नको म्हणतात. असा कोण माणूस झोपेला घाबरतो?

तेव्हा काकू बोलल्या. आधी चाचरत, मग एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. तरुणपणी काकांचा एक जोडीदार होता, जिवाभावाचा. एका दुपारी बॉयलरसमोर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला, बॉयलरमधलं पाणी खाली गेलं आणि कुणाला कळलंच नाही. काका शिफ्ट बदलायला आले म्हणून बरं, त्यांनी आग ओढून बाहेर काढली आणि बॉयलर वाचला. पण दचकून जागा होऊन मदतीला धावलेल्या जोडीदाराचे दोन्ही हात त्या आगीत भाजले ते कायमचे. त्या दिवसापासून काकांनी दिवसा कधी पाठ टेकली नाही. घरी रात्रीसुद्धा अर्ध्या झोपेत असतात, कुकरची शिट्टी शेजाऱ्यांकडे झाली तरी उठून बसतात.

"आणि सिस्टर, त्यांच्याकडे एक रीत होती," काकू म्हणाल्या. "बदलीचा माणूस नुसता येऊन चालायचं नाही. त्याने स्वतः, बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या काचेची तोटी उघडायची, पाणी खाली जाऊन परत वर येतं का बघायचं, काटा बघायचा, आणि मग मोठ्याने म्हणायचं, माझ्याकडे. तो शब्द ऐकल्याशिवाय हे जागचे हलायचे नाहीत. आमची मुलगी झाली तेव्हासुद्धा आले नाहीत. बदलीवाल्याला उशीर झाला होता."

मी म्हटलं, राग आला असेल तुम्हाला.

"त्याचा नाही आला," काकू म्हणाल्या. "ते काम होतं. पण घरातलं कुलूप मी लावलं तरी ते परत ओढून बघणार. गॅस मी बंद केला तरी हे उठून बघणार. इतकी वर्षं संसार केला, पण माझ्या हातून बंद झालेली एक गोष्ट त्यांनी बंद झाली असं मानलं नाही. आता इथे त्या कपाटाचंही दार. तुम्ही बघितलंत ना?"

मी बघितलं होतं. आणि आता मला त्या तीनचाही अर्थ लागला, निदान लागायला लागला. मी विचारलं की त्यांच्या बॉयलरच्या काट्यावर किती आकडे होते? काकू म्हणाल्या, ते काही मला माहीत नाही, पण लाल रेघ दहावर होती, त्याच्या पुढे गेला तर फुटायचा, हे ते लेकीला लहानपणी सांगायचे.

मी परत गेले. या खेपेला बसले नाही, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. विचारलं, काका, बॉयलर चालू असताना तुमचा काटा कितीवर असायचा?

त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. सात, ते म्हणाले. सातवर कारखाना चालतो. तीनवर म्हणजे नुसता कोमट, तीनवर एक थान रंगत नाही. मग मी विचारलं, आणि दहा? ते म्हणाले, दहा म्हणजे गेलाच. आणि मग स्वतःहून पुढचं बोलले, "मी काही फुटलो नाही ना अजून, सिस्टर? मग उगाच मोठा आकडा कशाला सांगायचा? मोठा आकडा सांगितला की साहेब धावत येतो आणि सगळं बंद करतो."

म्हणजे हा माणूस आम्हाला दोन दिवस दुखणं सांगतच नव्हता. तो आम्हाला सांगत होता की फुटायला अजून किती वेळ आहे. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही मी आवरलं.

मी म्हणाले, बरं, मग मला एक सांगा. पाणी कमी व्हायला लागलं तर तुम्ही काच रिकामी होईपर्यंत वाट बघायचात का? ते जवळजवळ चिडले. कोण वाट बघेल, ते म्हणाले, थोडं खाली दिसलं की लगेच पंप चालू करायचा, रिकामं झाल्यावर पाणी सोडलं तर उलट घात होतो. एवढंसुद्धा ज्याला कळत नाही त्याला बॉयलरपाशी उभं करायचं नाही. मी म्हणाले, मी गेला तासभर तुम्हाला दुसरं काय सांगतेय?

मग मी एक घडी केलेली उशी त्यांच्या टाक्यांवर ठेवली, दोन्ही हात त्यावर धरायला लावले आणि सांगितलं की आता एकदा खराखुरा खोका, आणि पडून राहिल्यावर किती दुखतं ते मला नको, खोकताना किती ते सांगा. बॉयलर थंड असताना काटा बघून काय करायचंय. त्यांनी श्वास घेतला. तो अर्ध्यावरच अडला. खोकला आला तो अर्धाच, पण चेहरा पांढरा पडला आणि गालावरून पाणी ओघळलं, रडण्याचं नाही, नुसतं आपोआप येतं तसं. काकूंनी पुढे होऊन ते पुसलं.

"नऊ," ते शेवटी म्हणाले. अगदी हळू, कुणी ऐकू नये असं.

काकूंनी तोंडावर पदर धरला. मी म्हणाले, बरं झालं सांगितलंत. एवढंच म्हणाले, कारण अशा वेळी जास्त बोललं की माणूस पुन्हा मिटतो.

पण झोपेचं अजून बाकी होतं, आणि मला ते ठाऊक होतं. मी म्हणाले की इंजेक्शन दिल्यावर गुंगी येईल हे खरं, आणि तेव्हा कुणीतरी जागं राहायला पाहिजे हेही खरं. त्याचसाठी मी आहे. मग मी त्यांना सगळं दाखवलं. बोटाला लावलेला चिमटा रक्तातला ऑक्सिजन सांगतो. छातीवर हात ठेवून मी श्वास मोजेन, मिनिटभर पूर्ण, घाई न करता. हाक मारल्यावर डोळे उघडून उत्तर देताय की नुसतं हुं करताय ते बघेन. फार पेंगलात तर पुढचा डोस थांबवेन.

त्यांनी माझी परीक्षा घेतली. हो, परीक्षाच, नव्या उमेदवाराची घेतात तशी. श्वास फार कमी झाले तर काय करणार? मी सांगितलं, उठवेन, ऑक्सिजन वाढवेन, डॉक्टरांना बोलावेन, आणि औषधाचा असर उतरवायचं औषध आहे ते तयार असतं. ते कुठे ठेवलंय? मी ट्रॉलीचा खण उघडून बाटली हातात धरून दाखवली. संपलेली नाही ना, तारीख बघितली का? मी तारीख वाचून दाखवली. माझ्या नोकरीत मोठमोठ्या तपासण्या झाल्या, पण अशी कुणी घेतली नव्हती, आणि मला त्याचा जरासुद्धा राग आला नाही.

"आणि तुमची ड्युटी संपली की?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले की दुपारी ब्रदर येतील, पुरुष नर्स आहेत आमचे, आणि मी त्यांना इथे तुमच्या पलंगापाशी आणल्याशिवाय वॉर्डाबाहेर पाऊल टाकणार नाही. मग मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी बघितली, चिमट्याचा आकडा बघितला, सलाईनची नळी वरपासून खालपर्यंत हाताने तपासली. आणि मोठ्याने म्हणाले, "माझ्याकडे."

काकांनी वळून काकूंकडे पाहिलं. फितुरी कुणी केली हे त्यांना लगेच कळलं. काकू मुळीच घाबरल्या नाहीत, सरळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग काकांनी हात माझ्यासमोर सरळ केला, सुई टोचायला.

मी डॉक्टरांना फोन करून खोकतानाचा आकडा सांगितला आणि त्यांची परवानगी घेऊन इंजेक्शन हळूहळू दिलं. काही वेळाने त्यांच्या पायाची बोटं सुटली. हे बघण्यासारखं असतं, मी इतकी वर्षं बघतेय तरी मला कंटाळा येत नाही. एकेक बोट आपोआप सरळ होत गेलं. मग मी उशी दिली आणि म्हटलं, आता. काका खोकले. असे खोकले की समोरच्या पलंगावरचे आजोबा दचकून उठले आणि शिव्या द्यायला लागले. दुसऱ्या खोकल्याला कफ सुटला, पिवळा, घट्ट, कितीतरी. तिसऱ्याला आणखी. कुणाला किळस वाटेल, मला सोनं मिळाल्यासारखं झालं. मग आम्ही दोघींनी त्यांना उठवलं, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने काकू, आणि ते खिडकीपर्यंत गेले. खिडकीतून समोरच्या लॉन्ड्रीची चिमणी दिसते. तिच्याकडे बघून ते म्हणाले की धूर काळा येतोय, हवा कमी सोडतायत. मी म्हणाले, ते त्यांचं ते बघतील, तुम्ही चला.

पलंगावर परत आल्यावर ते झोपले. भर दुपारी, उजेडात, माणसं येत-जात असताना. तोंड थोडं उघडं, हात बाजूला सैल पडलेला. मी दर थोड्या वेळाने जाऊन श्वास मोजत होते. काकू स्टुलावर बसून नुसत्या बघत होत्या. मला म्हणाल्या, लग्न झाल्यापासून ह्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं, झोपेत हे कसे दिसतात तेच मला माहीत नव्हतं. बरे दिसतात हो, त्या म्हणाल्या आणि लाजल्या.

ब्रदर आले. आमचे ब्रदर म्हणजे धिप्पाड गडी, बोलणं मोजकं, आणि वॉर्डातली लहान मुलं त्यांना बघून आधी रडतात आणि मग त्यांच्याच खांद्यावर चढतात. मी त्यांना पॅसेजमध्येच सगळं सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. पलंगापाशी आम्ही दोघं गेलो तेव्हा काकांनी डोळे उघडले. त्यांना वाटलंच असणार की शिफ्ट बदलायची वेळ झाली, अंगातच मुरलेली असते ती. ब्रदरनी आपली जाड बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. श्वास मोजले, मिनिटभर पूर्ण. नळी तपासली. ट्रॉलीचा खण उघडून बाटली बघितली. मग खाली वाकून म्हणाले, "माझ्याकडे."

काकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मान हलवली आणि डोळे मिटले. मी पर्स घेऊन घरी निघाले. जिना उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की खालच्या मजल्यावरच्या एका कडक मेट्रनबाईंना मी विनाकारण हसून नमस्कार केला. त्या अजून त्याचं कारण शोधतायत.

आयसीयूचं नाव पुन्हा निघालं नाही. ताप उतरला, छातीतला आवाज गेला. काका आता आकडे नीट सांगायचे, पडून तीन, उठताना सहा, खोकताना पाच, आणि कुणी नुसतं किती विचारलं तर उलट विचारायचे, कशाचं किती? दर शिफ्टला येणारी नर्स त्यांच्या मनगटाला हात लावून तो शब्द म्हणायची. सुरुवातीला सगळ्या हसत म्हणायच्या, मग हसायच्या बंद झाल्या. मी तर ऐकलं की समोरच्या आजोबांनीही हट्ट धरला, मला पण तसं म्हणा. आमच्याकडे खरं म्हणजे शिफ्ट बदलताना टेबलापाशी उभं राहून पाढा वाचल्यासारखं सगळं सांगायची पद्धत आहे. आमच्या वॉर्डात आता पलंगापाशी जाऊन सांगतात.

घरी सोडायच्या दिवशी मी त्यांना गोळ्या समजावल्या. कोणती जेवणानंतर, कोणती फक्त लागलीच तर, आणि फिरायला जायच्या किंवा आंघोळीच्या थोडं आधी घ्यायची म्हणजे दुखणं पुढे पळत नाही. काकांनी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि खिशात ठेवलं. मी बघेन, ते म्हणाले.

मला राग आवरला नाही. मी म्हणाले, काका, ज्याला दुखतंय त्यानेच पहारा द्यायचा अशी रीत तुमच्या कारखान्यात होती का? जो आत शिजतोय त्याने काटा बघायचा? तुमची ड्युटी संपली. बदलीचं माणूस इथे उभं आहे, केव्हापासून उभं आहे ते त्यांनाच विचारा.

ते पलंगाच्या कडेला बसले होते, उशी पोटाशी धरून. काकूंनी सामान पिशवीत भरलं होतं, टॉवेल, बाटली, चप्पल, आणि पिशवीची चेन ओढत होत्या. माझं बोलणं ऐकून त्यांचा हात थांबला, मग त्यांनी चेन शेवटपर्यंत ओढली. काका जमिनीकडे बघायला लागले. मला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि काकूंपुढे धरलं. "सहा आहे," ते म्हणाले. "बसल्यावरून उठताना. आणि झोप अजून पुरी झालेली नाही."

काकूंनी पाकीट घेतलं. गोळ्या उलटसुलट करून बघितल्या, माझ्याकडून ऐकलेलं सगळं एकदा पुटपुटून पाठ म्हटलं, चुकलं का म्हणून माझ्याकडे पाहिलं. चुकलं नव्हतं. मग त्यांनी काकांचं मनगट धरलं. नाडी कुठे बघायची हे त्यांना माहीत नव्हतं, बोटं भलतीकडेच होती, पण मी ती तशीच राहू दिली.

"माझ्याकडे," काकू म्हणाल्या.

काका उठले. पिशवी पलंगावर होती, आणि सवयीने त्यांचा हात तिच्या चेनकडे गेला. चेनवर बोटं ठेवलीसुद्धा. काकू बघत होत्या, मीही बघत होते. त्यांनी हात मागे घेतला, पोटावरच्या उशीवर ठेवला आणि दाराकडे चालायला लागले. काकूंनी पिशवी उचलली आणि त्यांच्या मागून गेल्या.